रक्त मागून घेणारे अण्णा

हुबळीत रस्त्यात उभं राहून ‘अण्णा’ अशी हाक मारली तर निम्मा रस्ता मागे वळून बघतो. रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, बँकेतले साहेबही अण्णाच. पण देशपांडे नगरातल्या आमच्या लॅबमध्ये अण्णा म्हणजे एकच. रक्त काढणारे. खरं तर ‘रक्त काढणारे’ म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. पहिल्याच दिवशी मी बोलून बसले, “अण्णा, तीन नंबरच्या बाईंचं रक्त काढायचंय.” तर चष्म्यावरून असं बघितलं, जसं काही मी शिवीच दिली.

“काढतात ते विहिरीतलं पाणी. आपण रक्त मागून घेतो. त्यांचं आहे ते. दिलं तर घ्यायचं.”

मी मनात म्हटलं, झालं! पहिलीच नोकरी आणि हा नग माझ्या वाट्याला.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डिप्लोमा नुकताच हातात पडलेला आणि जिभेला हाड नाही. आमचं घर दुकानदारांचं; मूळचे आम्ही मिरजेकडचे, पण तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात गेल्या. समोर गिऱ्हाईक उभं आहे म्हणजे हात पटापट चालला पाहिजे, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. अण्णांचं सगळं उलट. दंडाला पट्टा बांधायचे आणि मग गप्पा सुरू. बरं, गप्पा माणसाशी तरी माराव्यात? छे. शिरेशी! कानडी म्हातारी असली तर “बर्री अव्वा, बर्री,” आणि मराठी असली तर “या हो बाई, बाहेर या, लाजताय कशाला?” बाहेर वीस माणसं उपाशीपोटी बसलेली आणि हे शिरेची मनधरणी करतायत. माझं डोकं फिरायचं. पण खरं ते सांगायला हवं. ती शीर वर यायची. मी दोनदा टोचून हात टेकले की त्याच माणसाच्या दंडावर अण्णा दोन बोटं ठेवायचे आणि एका दमात काम व्हायचं. ‘टोचलं का?’ असं माणूस विचारायचा तोवर कापूस लावून झालेला असायचा.

त्यांचा एक नियम होता. सुई आत आहे तोवर एक प्रश्न विचारायचा. रक्ताबद्दल विचारा, अंगाबद्दल विचारा, पण एकच. लहान पोर असो की पोलीस इन्स्पेक्टर, प्रश्न विचारल्याशिवाय सुटका नाही. माणूस प्रश्न शोधण्यात गुंततो आणि सुईला विसरतो, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला ते नुसतं खूळ वाटत होतं.

आणि काय एकेक प्रश्न यायचे! शिरा निळ्या दिसतात मग रक्त लाल कसं, हा तर रोजचा. “निळं कधीच नसतं. शिरेतलं काळपट लाल असतं, निळा दिसतो तो कातडीतून जाणाऱ्या उजेडाचा खेळ. आता हे नळीत आलंय, बघा. दिसतंय का निळं?” अंगात रक्त किती, हा दुसरा. “सुमारे पाच लिटर. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दहा पिशव्या. त्यातलं मी एक चमचा मागितलं, तर केवढं तोंड केलंत की ओ!” कुणी विचारायचं, बीट खाऊन रक्त वाढतं ना? “लाल रंगानं रक्त वाढत असतं तर कुंकू चाटून सगळ्या बायका पैलवान झाल्या असत्या.” एका शाळकरी मुलीनं विचारलं, अंगात रक्त नाही अशी जागा कुठली? अण्णा इतके खूश झाले की सुई तशीच धरून हसत बसले. “डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखा पडदा असतो ना, तिथं रक्ताची एकही वाट नाही. तो थेट हवेतून प्राणवायू घेतो. शाबास गं!” त्या दिवशी येईल त्याला ते डोळा मिटून-उघडून दाखवत होते. दोन बायका उगाच संकोचल्या.

उत्तर येत नसेल तर मात्र दुप्पट आनंद. “ठाऊक नाही!” असं मोठ्यानं ओरडायचे, लॉटरी लागल्यासारखं. मग शंभर पानी वहीत तो प्रश्न लिहून ठेवायचे आणि पंधरा दिवसांनी, महिन्यानं, उत्तर सापडलं की फोन. समोरचा माणूस प्रश्नही विसरलेला आणि अण्णांनाही. धारवाडच्या एका वकिलाला त्यांनी भर कोर्टाच्या वेळेत फोन करून सांगितलं होतं, “मांजरांनाही रक्तगट असतात हो!” आणि खाली ठेवला. वकीलसाहेबांनी परत फोन करून आम्हाला विचारलं, कुणाची मांजर आजारी आहे?

गोकुळ रोडवर वर्कशॉप असलेले एक गृहस्थ यायचे. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला. भावाशी वर्षभर बोलणं नव्हतं आणि ते येईल त्याला अभिमानानं सांगायचे, राग आमच्या रक्तातच आहे म्हणून. अण्णा म्हणाले, “तुमच्या तांबड्या पेशी चारेक महिन्यांत मरतात आणि हाडातल्या मगजात नव्या तयार होतात. भांडणाला वर्ष झालं म्हणता. मग त्या दिवशी उसळलेलं रक्त तुमच्या अंगात राहिलंय कुठं?” पुढं त्यांचं मिटलं की नाही ते ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून आले आणि वेगवेगळ्या बाकांवर बसले.

मळमड्डीतले एक निवृत्त अधिकारी होते. कपडे परीटघडीचे, बोलणं त्याहून कडक. त्यांनी सुई आत असताना प्रश्न विचारला नाही, निवाडा दिला. म्हणाले, “आमच्या घराण्याचं रक्तच वेगळं आहे.” अण्णा म्हणाले, असेल की, बघूया. दोन काचपट्ट्या रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली आळीपाळीनं ठेवल्या आणि विचारलं, यातलं आपलं कुठलं? साहेबांनी एक डोळा मिटून बराच अभ्यास केला. दुसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. “हे. पेशी बघा कशा ऐटीत आहेत.” ती पट्टी माझी होती! अण्णांनी त्यांना ते सांगितलं नाही, नुसती मान डोलावली. साहेब गेल्यावर मी हसून हसून खुर्चीतून खाली आले. पुढं महिनाभर लॅबमध्ये मला सगळे ‘साहेब’ म्हणत होते आणि मीही जरा ऐटीतच चालत होते.

एवढा सुईचा बादशहा, पण स्वतःची वेळ आली की गाळण उडायची. वर्षातून एकदा डॉक्टर मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण, सगळ्यांची तपासणी करवायच्या. अण्णांचं रक्त मी घ्यायचं ठरलं. दंड पुढे केला, मान भिंतीकडे, आणि कानडीतून सतराचा पाढा सुरू. माझं काम झालं तरी पाढा चालूच. मी म्हटलं, झालं अण्णा. त्यांनी हळूच डोळे उघडले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “सुई घातलीस, पण ‘भीती वाटते का’ म्हणून विचारलं नाहीस मला.” मी म्हटलं, तुम्हाला काय विचारायचं? “मलाच तर विचारायचं,” ते म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मी बरंच काही हसण्यावारी नेत असे.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

नळीवर नावाची चिठ्ठी लावायची अण्णांची रीत ठरलेली. आधी रक्त, मग चिठ्ठी. तीही त्या माणसासमोर, त्याच्या स्वतःच्या तोंडून नाव वदवून. नवऱ्यानं बायकोचं सांगितलेलं चालायचं नाही, आईनं लेकीचं चालायचं नाही. आमच्याकडे बाई आजारी पडली की तिच्या वतीनं चार माणसं बोलतात आणि ती पदर सावरत बसते. अण्णा त्या चौघांना गप्प करायचे. यात वेळ जायचा. मी माझ्यापुरता शहाणपणा केला. सकाळी यादी आली की कॉम्प्युटरवरून चिठ्ठ्या काढायच्या, रिकाम्या नळ्यांना आधीच चिकटवायच्या आणि नळ्या रांगेत उभ्या करायच्या. नाव पुकारायचं, नळी भरायची, पुढचा. अण्णांनी दोनदा रागावून सांगितलं. मी त्यांच्यासमोर मान हलवायची आणि ते जेवायला गेले की तेच करायची.

एका सोमवारी अण्णा लग्नाला गेले होते आणि गर्दी ही एवढी. लागोपाठ दोन बायकांचे रक्तगट तपासायचे होते. एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, लायसन्ससाठी आलेल्या. दुसरी अळणावरजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची सून, पहिलटकरीण, चौथा-पाचवा महिना. मी नाव पुकारलं ते कॉलेजच्या बाईंचं. खुर्चीत येऊन बसली ती सून. सासूनं तिला दंडाला धरून पुढे आणलं आणि म्हणाली, “हां हां, हीच.” मी मान वर करून बघितलंही नाही. नळी भरली. मग कॉलेजच्या बाई आल्या, त्यांचं रक्त उरलेल्या नळीत गेलं.

चार-साडेचार महिन्यांनी कॉलेजच्या बाई तणतणत आल्या. रक्तदानाच्या शिबिरात त्यांचा गट बी पॉझिटिव्ह निघाला होता आणि आमच्या कागदावर बी निगेटिव्ह. अण्णांनी त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. पॉझिटिव्ह. त्यांची माफी मागितली, नवा कागद दिला. बाई गेल्या. मला वाटलं, सुटले! अण्णा मात्र तिथंच उभे. म्हणाले, “त्या दिवशी निगेटिव्ह आलेलं रक्त कुणाचं तरी होतंच ना? ते कुणाचं?”

यादी उघडली. पुढचंच नाव. बी पॉझिटिव्ह म्हणून कागद दिलेली. गरोदर.

शिकलेलं सगळं एकदम आठवलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध तयारी करतं. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही. पण ती तयारी अंगात राहते आणि दुसरं बाळ पोटात असतानाच त्याचं रक्त मोडायला लागते. ती टाळायला सातव्या महिन्यात एक इंजेक्शन देतात आणि बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत दुसरं. निगेटिव्ह बाईला. आणि हिच्या कार्डावर आमच्या कागदावरून पॉझिटिव्ह लिहिलेलं. म्हणजे हिला कुणी काही देणारच नव्हतं.

तिच्या घरी फोन लावला, लागेना. मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. इंजेक्शन मागवलं, तिकडच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. अण्णांनी बर्फाच्या डब्यात इंजेक्शन ठेवलं, पिशवीत रक्तगट तपासायच्या औषधांच्या तीन बाटल्या आणि एक पांढरी टाईल घातली आणि म्हणाले, “तुझी स्कूटी काढ.”

धारवाड ओलांडलं आणि मला रडू फुटलं. गाडी मी चालवतेय, मागं अण्णा डबा पोटाशी धरून बसलेले. थोडा वेळ त्यांनी रडू दिलं. मग कानाशी ओरडले, “रडताना नाक का वाहतं, ठाऊक आहे का? डोळ्यातून नाकात एक बारीक नळी जाते! पूस आधी, समोरून लॉरी येतेय!” मी रडता रडता हसले. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, “तिथं गेल्यावर तू बोलू नकोस. माझ्या हातून झालं म्हणून मी सांगतो. मी पुढच्या महिन्यात निवृत्तच होतोय. मला कोण काय करणार?”

मी ‘नको’ म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू? मला हायसं वाटलं.

तिच्या सासरी सासरे एकटेच होते. म्हणाले, सून माहेरी गेलीय, परवा संध्याकाळी बाळंत झाली, मुलगा झाला, बायकोही काल नातू बघायला तिकडंच गेली. माहेर पाच-सहा मैलांवर. आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. बहात्तरातले पंचेचाळीस तास गेले होते. आज सकाळीच तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. ती पडवीत खाटेवर कानाला फडकं बांधून बसलेली, बाळ तिच्या आईच्या मांडीवर आणि सासू शेजारी.

अण्णांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं, मग तिच्या बोटाला टोचून टाईलवर तीन थेंब ठेवले. एकात निळ्या बाटलीतलं औषध, एकात पिवळ्या, एकात बिनरंगाच्या. पिवळ्यातला थेंब फुटला, नासलेल्या दुधासारखा दाणेदार झाला, म्हणजे गट बी. बिनरंगाचा थेंब हलवून हलवून बघितला. तसाच राहिला. निगेटिव्ह. मग बाळाच्या टाचेतून एक थेंब. तो बिनरंगाच्या औषधात लगेच फुटला. पॉझिटिव्ह. अण्णा उठले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना चिठ्ठीसकट घेऊन आले. ते मॅडमशी फोनवर बोलले, स्वतः पुन्हा तपासलं आणि इंजेक्शन दिलं.

“हे वेळेत झालं,” डॉक्टर म्हणाले. “पण सातव्या महिन्यातलं चुकलंय. पुढच्या गरोदरपणी तपासल्यावरच नक्की कळेल.”

ते गेल्यावर सासूनं कंबरेवर हात ठेवले. “आता सांगा. कुणाच्या हातून झालं हे?”

“माझ्या...” अण्णांनी सुरुवात केली.

“नाही हो,” मी म्हटलं. “ते त्या दिवशी लॅबमध्ये नव्हतेच. मी केलं. नळ्यांना आधीच चिठ्ठ्या लावून ठेवल्या आणि समोर कोण बसलंय ते बघितलं नाही.”

मला वाटलं, आता मार बसणार. बसायलाच हवा होता. सासूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, “नाव तू दुसरीचंच पुकारलं होतंस. हीच म्हणून सांगितलं ते मी. अळणावरची बस चुकेल म्हणून हिला पुढं घुसवलं.”

तेव्हा ती सून पहिल्यांदा बोलली. “मला कळलं होतं. ते नाव माझं नव्हतं.”

“मग बोलायचं नाही होय गं?” सासू ओरडल्या.

“तुम्ही बोलत होता की,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, रागानं नाही, अगदी साधं म्हणाली, “आणि ह्या ताईंनी मला विचारलंच नाही.”

तिच्या आईनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. अण्णांनी तीन खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात अण्णा निवृत्त होऊन धारवाडला घरी बसले. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी, “ती आली होती का?” मी नाही म्हणायची. असं अडीच वर्षं चाललं. त्या अडीच वर्षांत मी एकही चिठ्ठी आधी लावली नाही, त्यावरून नव्या मुलींची बोलणी खाल्ली आणि रात्रीची झोप मात्र त्या न जन्मलेल्या बाळावर टांगून ठेवली.

मग एक दिवस ती आली. पोट दिसत होतं. सासूबाई बरोबर होत्या, पण दाराबाहेरच थांबल्या. “तिचं ती सांगू दे,” म्हणाल्या. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कितवा महिना ते सांगितलं. मी रक्त मागून घेतलं आणि अण्णांना फोन केला. ते मिळेल त्या बसनं हुबळीला आले. घरचा लेंगाच अंगात होता.

रक्तात बाळाविरुद्ध काही तयार झालंय का, त्याची तपासणी तास-दीड तासाची. मॅडमनी नळी उजेडात धरून बघितली आणि अण्णांच्या हातात दिली. त्यांनी खिडकीशी नेली, तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. एकही दाणा नव्हता. सगळं स्वच्छ, एकसारखं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तेच. बाळाला कसला धोका नव्हता.

अण्णा सांगायला म्हणून दारापर्यंत गेले. तिथंच थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे वळून म्हणाले,

“तूच जा. चूकही तूच सांगितली होतीस.”

मी बाहेर गेले आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन तिला सांगितलं.